फोटो उजेडाला धरून : वाचकांच्या पत्रांना उत्तरे

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की तपासणीबद्दल विचारायचं असेल तर रिपोर्टचा कागद पुढ्यात घेऊन पत्र लिहा आणि त्यातली न कळलेली ओळ जशीच्या तशी उतरवा. तुम्ही तसंच केलंत, त्यामुळे यावेळची पत्रं फार चांगली आहेत. त्यातली सहा इथं घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. एकोणतीस वर्षं मी सांगली-मिरजेत एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय वाचते आहे. मिरजेत शिकताना डार्करूमच्या लाल दिव्याखाली ओल्या फिल्म दोरीवर वाळत घातल्या. आता तीच कामं पडद्यावर होतात. पण पेशंट अजूनही म्हणतात, ‘फोटो काढायला आलोय.’ मलाही तोच शब्द आवडतो.

प्रश्न : मुतखड्यासाठी माझ्या पोटाचा सीटी स्कॅन काढला. खडा सापडला, औषधानं पडूनही गेला. पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ आहे, ‘उजव्या फुप्फुसाच्या तळाशी ५ मिलिमीटरची गाठ.’ ती वाचल्यापासून घरात कुणाला अन्न गोड लागत नाही. वय ५९, आयुष्यात विडी-सिगारेट ओढलेली नाही. मुलगा म्हणतो, फोटॉन मोजणारं नवं सीटी मशीन निघालंय, जिथं असेल तिथं जाऊन लगेच पुन्हा स्कॅन करू. इकडं बागेची छाटणी तोंडावर आली आहे. काय करावं? – द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

उत्तर : दादा, छाटणी करा.

हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही, विचार करून म्हणते आहे. ५ मिलिमीटर म्हणजे शाळूचा टपोरा दाणा. इंग्रजी रिपोर्टमध्ये त्याला ‘नोड्यूल’ म्हणतात, आपण त्याचं भाषांतर ‘गाठ’ असं करतो आणि गाठ म्हटलं की माणसाच्या मनात एकच रोग येतो. मी पेशंटशी बोलताना ‘ठिपका’ म्हणते. पोटाच्या सीटीत फुप्फुसाचा तळ आपोआप येतो, त्यामुळे मुतखडा शोधताना असे ठिपके सारखे दिसतात. आपल्याकडे तर क्षयरोगाचा जंतू नकळत येऊन गेलेली माणसं खूप. शरीरानं जंतूला जागच्या जागी गाडून टाकलं, की मागं असा बारका व्रण राहतो.

याबद्दल डॉक्टरांना अंदाजानं बोलावं लागत नाही. फुप्फुसाच्या प्रतिमांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांची फ्लायश्नर सोसायटी नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिनं २०१७ मध्ये अशा अचानक सापडलेल्या ठिपक्यांसाठी सुधारित नियम दिले. ज्याला आधी कॅन्सर झालेला नाही, ज्याची प्रतिकारशक्ती कुठल्या आजारानं किंवा औषधानं कमी झालेली नाही, जो धूम्रपान करत नाही, अशा माणसाच्या फुप्फुसात ६ मिलिमीटरपेक्षा लहान घट्ट ठिपका असेल तर त्यासाठी पुन्हा पुन्हा स्कॅन करत बसू नये, असं तो नियम सांगतो. तुमच्या पत्रातली माहिती या चौकटीत बसते. तरी तुमच्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : ठिपका घट्ट आहे की धूसर, आणि माझ्या बाकीच्या आजारांचा विचार करून हा नियम मला लागू होतो का. धूसर ठिपक्यांचे नियम वेगळे आहेत.

आता मुलाच्या मशीनबद्दल. तो म्हणतो ते खोटं नाही. पन्नास वर्षांत सीटीत जे बदल झाले, त्यातल्या मोठ्या बदलांपैकी हा एक आहे. पहिला सीटी १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये एका पेशंटच्या डोक्याचा काढला गेला. तेव्हापासून आपण क्ष-किरण एका स्फटिकावर पाडतो, स्फटिक चमकतो आणि त्या चमकेची वीज करून मोजतो. यात एकूण किती उजेड पडला एवढंच कळतं. फोटॉन मोजणाऱ्या मशीनमध्ये कॅडमियम टेल्युराइडसारख्या पदार्थाचा डिटेक्टर, म्हणजे किरण टिपणारा भाग, असतो. त्यात चमकेचा मधला टप्पाच नाही, क्ष-किरणाचा प्रत्येक कण, म्हणजे फोटॉन, आला की थेट विजेचा एक ठोका उमटतो. तुमच्या तासगावच्या सौद्यात बेदाण्याचा बॉक्स काट्यावर ठेवून वजन घेतात, तो जुना डिटेक्टर. बॉक्स उघडून एकेक बेदाणा मोजायचा आणि प्रत्येकाची प्रतही लिहून ठेवायची, तो नवा. कोणता कण किती शक्तीचा होता हे कळत असल्यानं कॅल्शियम आणि शिरेतून दिलेलं आयोडीनचं औषध वेगवेगळं ओळखता येतं, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढे तपशील दिसतात आणि बऱ्याच तपासण्या कमी रेडिएशनमध्ये होतात. अमेरिकेत अशा पहिल्या मशीनला सप्टेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

हृदयाच्या शिरेत स्टेंट आहे आणि त्याच्या आतून रक्त नीट जातंय का हे बघायचंय, कानातली इवलीशी हाडं बघायची आहेत, फुप्फुसाची बारीक जाळी कुठं जाड झाली ते शोधायचंय, तर या मशीनसाठी प्रवास करण्यात अर्थ आहे. तुमच्या ठिपक्याबाबत प्रश्न तो किती स्पष्ट दिसतो हा नाहीच. तो वाढतो आहे की नाही, हा आहे. आणि ते जगातलं कुठलंही मशीन एका दिवसात सांगू शकत नाही. त्यासाठी दोन वेगवेगळ्या तारखांचे फोटो लागतात.

कवठेमहांकाळकडचे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर माझ्याकडे आले होते. छातीच्या फोटोत दोन सेंटीमीटरचा डाग. घरच्यांनी मुंबईला जायची तयारी केलेली, म्हैस विकायला काढलेली. मी विचारलं, पूर्वी कधी छातीचा फोटो काढला होता का? काका म्हणाले, हर्नियाच्या ऑपरेशनला काढला होता, ट्रंकेत असेल. दुसऱ्या दिवशी जावई मोटारसायकलवरून ती फिल्म घेऊन आला. अकरा वर्षांपूर्वीची, कडा चिकटलेल्या, कोपरा झुरळांनी खाल्लेला. उजेडाला धरली. तोच डाग, त्याच जागी, तेवढाच. अकरा वर्षांत जो तसूभर वाढला नाही, त्याला सुई घालायचं कारण उरलं नाही. म्हैस दावणीला राहिली.

म्हणून मुलाला सांगा, आत्ताच्या सीटीची डिस्क नीट जपून ठेव. पुढं कधी कुठल्याही कारणानं छातीचा स्कॅन झाला, तर ती डिस्क तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्यायची.

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा उसाच्या ट्रॉलीवरून पडला. दोनदा उलटी झाली, गुंगीत होता. दवाखान्यात डोक्याचा सीटी काढला, सगळं ठीक निघालं. आता सासूबाई म्हणतात, ‘काही नव्हतं तर पोराच्या डोक्यात किरणं कशाला सोडली?’ मलाही रात्री झोप लागत नाही. – एक आई, वाळवा तालुका

उत्तर : ताई, तुम्ही योग्य केलंत. सीटीत काही निघालं नाही, म्हणून तो काढायला नको होता असा अर्थ होत नाही. उंचावरून पडणं, पुन्हा उलट्या, गुंगी ही तिन्ही लक्षणं एकत्र असताना कवटीच्या आत रक्तस्राव नाही ना, हे बघावंच लागतं. २००९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी डोक्याला मार लागलेल्या ४२ हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास करून, कोणत्या मुलाला सीटीची गरज नाही हे ठरवण्याचे नियम केले. शुद्ध नीट, उलटी नाही, फार उंचावरून पडलेला नाही, खेळतोय, अशा मुलाला सीटी नको. तुमचा मुलगा त्या यादीत बसत नव्हता.

सासूबाईंची काळजी मात्र अगदीच निराधार नाही. २०२३ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. लहानपणी किंवा तरुणपणी सीटी झालेल्या सुमारे साडेनऊ लाख जणांची माहिती त्यात होती. हिशेब असा निघाला, की दहा हजार मुलांचा एकेक सीटी काढला तर पुढच्या बारा वर्षांत त्यातल्या एका किंवा दोघांना त्या रेडिएशनमुळे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. हा धोका शून्य नाही, पण फार लहान आहे. त्या संध्याकाळी तुमच्या मुलापुढं असलेला धोका याच्या कितीतरी पट मोठा होता. सासूबाईंना सांगा, जमिनीतून, आकाशातून, अन्नातून आपल्या प्रत्येकाच्या अंगात वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (हे रेडिएशनचं माप) रेडिएशन येतच असतं. डोक्याचा एक सीटी साधारण तेवढाच.

तो सीटी कुठल्या तारखेला झाला हे मुलाच्या लसीकरणाच्या कार्डामागं लिहून ठेवा. पुन्हा कुणी सीटी सांगितला, तर ‘सोनोग्राफी किंवा एमआरआयनं भागेल का’ एवढं विचारा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

प्रश्न : कंबरेच्या एमआरआयची तारीख मिळाली होती. गेलो तर म्हणाले, मशीन बंद आहे, हेलियम कमी झालाय. हेलियम म्हणजे फुग्यात भरतात तोच ना? त्याचा एमआरआयशी काय संबंध? आणि दुसरं, पत्नीलाही एमआरआय सांगितलाय, पण बोगद्यात तिचा जीव घाबरतो. लवकर उरकणारं काही निघालंय का? – निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

उत्तर : काका, तोच हेलियम. फक्त द्रवरूपात, उणे २६९ अंश सेल्सिअसला. एमआरआयचं चुंबक म्हणजे खास तारेची प्रचंड गुंडाळी. ती तार इतकी थंड केली की विजेला अडथळाच उरत नाही, एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षं फिरत राहतो. त्यातून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस-चाळीस हजार पट जोर तयार होतो. जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये हजार-दीड हजार लिटर द्रव हेलियम असतो. त्याची वाफ पुन्हा थंड करून द्रव करणारं यंत्र चोवीस तास चालू लागतं, रात्री मशीनवर पेशंट नसतानाही. ते यंत्र वीज आणि गार पाण्यावर चालतं.

हे मी कुठल्या पुस्तकापेक्षा २०१९ च्या ऑगस्टमध्ये जास्त शिकले. कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, वीज गेली. आमच्या सेंटरच्या पायरीपाशी पाणी थांबलं, आत आलं नाही, पण गार पाण्याचा पंप खालच्या बाजूला होता, तो बुडाला. जनरेटरसाठी डिझेल होडीतून आणलं, तरी पंपच नाही तर थंडावा कुठून? आमचा टेक्निशियन तासातासाला हेलियमचा काटा वहीत लिहून ठेवत होता आणि मी फोनवर ते आकडे ऐकत होते. काटा रोज खाली जात होता. एक लिटर द्रव हेलियमचा सातशे लिटरहून जास्त वायू होतो आणि छतावरच्या पाइपातून हवेत निघून जातो. गेलेला हेलियम परत येत नाही. तो जमिनीखालच्या नैसर्गिक वायूबरोबर मिळतो, आपल्याला जवळजवळ सगळा परदेशातून आणावा लागतो. पाणी ओसरल्यावर आमचं मशीन पुन्हा चालू व्हायला बरेच दिवस गेले. त्या दिवसांत ज्यांना मी परत पाठवलं त्यांचे चेहरे मला आठवतात.

म्हणून गेल्या काही वर्षांतल्या संशोधनातला मला सर्वात जवळचा वाटणारा भाग हाच आहे. २०१८ पासून अशी मशीनं आली आहेत ज्यांत हजार-दीड हजार लिटरऐवजी फक्त सात लिटर हेलियम असतो, तोही कायमचा बंद करून टाकलेला. काहींत तर एक लिटरही नाही. छतावर पाइप लागत नाही, भरणी लागत नाही. एक गोष्ट विक्रेते पटकन सांगत नाहीत, ती मी सांगते : वीज गेली तर हे मशीन जुन्यापेक्षा लवकर, काही तासांतच गरम होऊ लागतं आणि चुंबकातला प्रवाह उतरवावा लागतो. पण हेलियम कुठं जात नाही. वीज आली, की थंड करून तो प्रवाह पुन्हा चढवता येतो. ज्या गावाला २००५ आणि २०१९ असे दोन महापूर आठवतात, तिथं नवं मशीन घेणाऱ्यानं ही बाब आधी बघावी असं माझं ठाम मत आहे. आणि मशीन कुठल्या मजल्यावर ठेवायचं, हेसुद्धा.

आता काकूंचा प्रश्न. माणसाच्या छातीची पहिली एमआरआय प्रतिमा १९७७ साली अमेरिकेत काढली, तिला जवळजवळ पाच तास लागले होते. आज वेळ वाचतो तो मुख्यतः गणितामुळे. मशीनला पूर्ण मोजमाप घ्यायला वेळ लागतो, म्हणून थोडंच मोजायचं आणि हजारो जुन्या स्कॅनवर शिकवलेल्या संगणकानं उरलेलं भरून काढायचं. न्यूयॉर्कच्या विद्यापीठानं आणि फेसबुकनं २०१८ मध्ये यावर एकत्र काम सुरू केलं. २०२० मध्ये त्यांनी गुडघ्याच्या एमआरआयवर दाखवलं, की सुमारे पाव मोजमापातून बनवलेल्या प्रतिमा वाचूनही डॉक्टरांचं निदान बदलत नाही. अशी सोय आता बऱ्याच नव्या मशीनमध्ये असते, काही जुन्या मशीनवरही बसवता येते. तेव्हा तारीख घेतानाच विचारा, ‘कंबरेला किती मिनिटं लागतात?’ बोगदा ६० सेंटीमीटरचा की ७० चा, हेही विचारा. त्या दहा सेंटीमीटरनं घाबरणाऱ्या माणसाला खूप फरक पडतो. आत जायच्या आधीच डोळ्यांवर रुमाल बांधायला सांगा, आत गेल्यावर नव्हे. जरीची साडी, जोडवी, केसांतल्या पिना घरीच ठेवा. आणि तुम्ही स्वतः आत पायाशी हात धरून थांबू शकता, तुमच्या अंगात पेसमेकर किंवा लोखंडी वस्तू नसेल तर. मी परवानगी देते. बहुतेक ठिकाणी मागितली की मिळते.

प्रश्न : मी आशा सेविका आहे. आमच्या वाडीवर क्षयरोगाचं शिबिर झालं. कॅमेऱ्यासारखं हातात धरायचं एक्स-रे मशीन आणलं होतं. माझ्या सासऱ्यांना खोकला नाही, ताप नाही. तरी फोटो काढल्यावर लॅपटॉपवर लगेच ‘संशयित’ आलं. बेडका तपासला तर निगेटिव्ह. २००८ साली त्यांना टीबी झाला होता, तेव्हा पूर्ण औषधं घेतली. आता वाडीतले लोक मला विचारतात, कॉम्प्युटर खोटं बोलतो का? रिपोर्ट माणूस बघतो की नाही? – जत तालुका

उत्तर : ताई, तुमच्यासारख्या बायका वाडीवर जातात म्हणून ते मशीन तिथं पोचतं, हे आधी लिहिते.

खोकला नसलेल्यांचा फोटो का काढतात, याचं कारण ठोस आहे. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर क्षयरोगाची पाहणी झाली. त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण छातीचा फोटो काढला नसता तर निसटले असते. म्हणजे नुसतं ‘खोकला आहे का’ असं विचारत घरोघरी फिरलं, तर दहातले चार घरात तसेच राहतात. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पंधरा वर्षांवरच्या लोकांच्या छातीचे फोटो संगणकाकडून चाळून घ्यायला मान्यता दिली. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याकडे शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली, तिच्यात ही हातातली मशीनं गावोगाव नेली गेली.

पण चाळणे आणि निदान करणे यात फरक आहे, आणि तो वाडीत समजावून सांगायचं काम तुमच्याकडेच आलंय. ज्वारी चाळताना चाळणीची भोकं मुद्दाम बारीक ठेवतात, म्हणजे खडा निसटत नाही. मग चाळणीत थोडी चांगली ज्वारीही अडकते, ती आपण हातानं निवडून घेतो. संगणक फोटोला एक आकडा देतो. तो ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला की ‘संशयित’. ही मर्यादा मुद्दाम अशी ठेवतात की रोगी माणूस सुटू नये, चार निरोगी अडकले तरी चालतील. जुन्या टीबीचा व्रण फुप्फुसावर कायम राहतो आणि या संगणकाला सर्वात जास्त फसवणारी गोष्ट हीच. त्याला फक्त सावली दिसते, २००८ चं औषधाचं कार्ड दिसत नाही. ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून कॉम्प्युटर खोटं बोलला नाही, त्याला अर्धीच गोष्ट माहीत होती.

सासऱ्यांची बेडक्याची तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली झाली की जंतूची जनुकं शोधणाऱ्या मशीनवर, ते बघा. दुसरी जास्त भरवशाची आहे, तीच झालेली असली पाहिजे. २००८ चा एखादा फोटो घरात असेल तर तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवा. नसेल तर हा आत्ताचा फोटो ‘जुना फोटो’ म्हणून जपा, आणि वजन कमी होणं, संध्याकाळचा ताप, खोकला यावर लक्ष ठेवा.

माणूस बघतो की नाही, हे तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. स्वीडनमध्ये ८० हजार स्त्रियांवर मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचा, एक मोठा प्रयोग झाला, त्याचे पहिले निष्कर्ष २०२३ मध्ये आले. तिथं प्रत्येक फोटो दोन डॉक्टरांनी बघायचा असा रिवाज आहे. प्रयोगात संगणकानं फोटोंची धोक्यानुसार वाटणी केली : कमी धोक्याचे एका डॉक्टरांकडे, जास्त धोक्याचे दोघांकडे. डॉक्टरांचं वाचायचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि कॅन्सर हजारी पाचाऐवजी सहा सापडले. मला हा अभ्यास खरोखर मोलाचा वाटतो. पण नीट बघा, त्यात एकही फोटो माणसानं बघितल्याशिवाय गेला नाही. दोघांऐवजी एक झाला, एकाऐवजी शून्य झाला नाही. आपल्याकडे पहिल्यापासून एकच डॉक्टर बघतो, तोही दिवसभराच्या सोनोग्राफीनंतर रात्री नऊ वाजता. म्हणून ४४ टक्क्यांचा आकडा उचलून इथं चिकटवता येत नाही. मी स्वतः छातीच्या फोटोंना संगणकाची मदत घेते. आधी माझं मत लिहिते, मग त्याचं बघते. उलट क्रमानं केलं तर डोळा त्याच्या खुणेपाशी जाऊन थांबतो, बाजूची मोडलेली बरगडी राहून जाते. रिपोर्टखाली कुणाची सही आहे हे विचारण्याचा हक्क तुमच्या वाडीतल्या प्रत्येकाला आहे.

प्रश्न : यजमानांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. पेट स्कॅनसाठी पहाटे उपाशी बोलावलं. दुपारी सांगितलं, औषधाची गाडी खंबाटकी घाटात अडकली, आज होणार नाही. दुसऱ्या ठिकाणी गेलो, तिथं म्हणाले औषध आम्ही इथंच काढतो. एकाला बाहेरून आणावं लागतं, दुसरा घरीच काढतो, हे कसं? औषध तेच आहे ना? – कराड

उत्तर : ताई, उपाशीपोटी घालवलेली ती सकाळ मी समजू शकते. पण गाडीला उशीर झाल्यावर स्कॅन रद्द केला ते बरोबरच केलं. या औषधाला चिकटवलेलं फ्लोरिन-१८ हे किरणोत्सारी असतं, ते दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. कुणी काही करो, बाटली बर्फात ठेवो, ते निम्मं होणारच. चार तासांचा उशीर म्हणजे पाव भागही उरत नाही. तेवढ्यावर काढलेला फोटो धूसर येतो, आणि कॅन्सरच्या पेशंटला धूसर उत्तर देणं वाईट. हे फ्लोरिन सायक्लोट्रॉन नावाच्या मोठ्या यंत्रात बनतं, ते प्रत्येक गावात असू शकत नाही.

दुसऱ्या ठिकाणी वापरतात ते गॅलियम-६८. ते तर ६८ मिनिटांतच निम्मं होतं, गाडीत घालायचा प्रश्नच नाही. पण त्याची आई घरात ठेवता येते. जर्मेनियम-६८ हा पदार्थ निम्मा व्हायला सुमारे २७१ दिवस लागतात आणि तो मोडताना सतत गॅलियम तयार होत राहतं. जर्मेनियम एका नळीत घट्ट बसवलेलं असतं. वरून सौम्य आम्ल सोडलं की साचलेलं गॅलियम तेवढं धुऊन खाली येतं, जर्मेनियम जागेवर राहतं. तीन-चार तासांत नळी पुन्हा भरते. जगभरच्या प्रयोगशाळांत या नळीला ‘गाय’ म्हणतात आणि औषध काढण्याला ‘दूध काढणं’. कृष्णाकाठच्या माणसाला यापेक्षा जास्त समजावून सांगावं लागत नाही. नऊ-दहा महिन्यांत गाय निम्म्यावर येते, मग यथावकाश नवी आणावी लागते.

औषधाचं काम दोन्हीकडे एकच. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन भरपूर असतं, त्याला जाऊन चिकटणारा रेणू आणि त्या रेणूला बांधलेला हा चमकणारा कण. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातून एक अभ्यास आला. रोग पसरण्याचा धोका जास्त असलेल्या ३०२ पुरुषांची तपासणी दोन पद्धतींनी केली. हाडांचा स्कॅन आणि सीटी या जुन्या जोडीची अचूकता ६५ टक्के, या नव्या स्कॅनची ९२ टक्के. रोग प्रोस्टेटच्या ग्रंथीतच आहे की बाहेर गेला आहे, यावर ऑपरेशन ठरतं, म्हणून हा फरक फार मोठा आहे. लाळेच्या ग्रंथी आणि मूत्रपिंडंही या स्कॅनमध्ये ठळक चमकतात, ते नेहमीचंच आहे. प्रतिमा बघून यजमानांनी घाबरू नये. पुढच्या वेळी निघण्याआधी फोन करा आणि ‘आजचं औषध तयार आहे का’ एवढं विचारून मगच घर सोडा.

प्रश्न : आमचे भाऊ केरळात सोन्याच्या गलाईचं काम करतात. तिथं त्यांच्या डोक्याचा सीटी काढला. त्यांनी फिल्म खिडकीला धरून मोबाइलवर फोटो काढून पाठवला. इथल्या डॉक्टरांनी तो बघून मत द्यायला नकार दिला. एवढा कसला अहंकार? – विटा

उत्तर : दादा, तो अहंकार नव्हे, त्या डॉक्टरांनी तुमच्या भावाचं रक्षण केलं.

सीटीत प्रत्येक बिंदूला एक आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड हजाराच्या वरही जातं. हाउन्सफिल्ड या शास्त्रज्ञाच्या नावानं ते आकडे ओळखले जातात, सीटी बनवल्याबद्दल त्यांना १९७९ चं नोबेल मिळालं. मेंदू तीस-चाळीसच्या आसपास, ताजं रक्त पन्नास ते ऐंशी. म्हणजे रक्तस्राव झालाय की नाही, हे हजारोंच्या पट्ट्यातल्या पंचवीस-तीस आकड्यांच्या फरकावर ठरतं. आमच्या पडद्यावर मी तो पट्टा हवा तसा सरकवते, आधी मेंदूसाठी, मग रक्तासाठी, मग हाडासाठी. फिल्मवर त्यातली एकच बाजू छापलेली असते. त्यावर खिडकीचा उजेड, मोबाइलचा कॅमेरा, वर व्हॉट्सअॅपनं दाबून लहान केलेलं चित्र. शंभरांहून जास्त प्रतिमांपैकी वीस फिल्मवर असतात, त्यातल्या चार तुमच्या फोटोत आल्या असतील. त्यावरून ‘सगळं ठीक आहे’ असं म्हणणं धोक्याचं आहे.

भावांना सांगा, जिथं सीटी काढला तिथं जाऊन ‘डायकॉम फाइल’ मागा, नेमका हाच शब्द वापरून. डिस्क, पेनड्राइव्ह किंवा इंटरनेटची लिंक, काहीही चालेल. त्यात सगळ्या प्रतिमा आणि सगळे आकडे असतात, इथल्या डॉक्टरांना त्या आपल्या पडद्यावर तशाच उघडता येतात. सोबत रिपोर्टचा कागद आणि डोकं कधीपासून व कसं दुखतं, हे भावांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या चार ओळी. ते दिवाळीला गावी येणार असतील तर डिस्क कपड्यांच्या मधोमध ठेवायला सांगा, बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात नको, तिथं ती मोडते.